अमरावतीच्या प्रदर्शनात माझी पाठ

अमरावतीच्या त्या फोटो-प्रदर्शनाचा विषय घरात निघाला की माझं डोकं तापतं आणि बायको हसायला लागते. इतकी वर्षं झाली, पण दोघांपैकी एकाचंही बदललेलं नाही. तिचं हसणं थांबेपर्यंत माझं सांगणं मागे पडतं, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

माझं अकोल्यात फोटोचं दुकान होतं. ते वडिलांनी दिलेलं नव्हतं आणि सासऱ्यानेही काढून दिलेलं नव्हतं. आधी मी जत्रांमधून रंगवलेला पडदा टांगून फोटो काढत असे. पडद्यावर एका बाजूला ताजमहाल, दुसऱ्या बाजूला विमान. गिऱ्हाइकाने हवं त्याच्यासमोर उभं राहावं. त्यातून पुढे दुकान झालं, डार्करूम झाली, मोठे फोटो करायचं यंत्र आलं. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. घासाघीस मला मनापासून आवडते. भाजीवाली पहिल्या बोलालाच कबूल झाली तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अमरावतीच्या काही हौशी मंडळींनी ‘निसर्ग आणि समाज’ असं मोठं फोटो-प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एक वकील त्यांचे चिटणीस होते. बाकी डॉक्टर, प्राध्यापक, एक-दोन मळेवाले. सगळ्यांच्या गळ्यात माझ्या कॅमेऱ्यापेक्षा भारी कॅमेरे. पण भिंतीवर लावायचे तर फोटो मोठे करावे लागतात, आणि ऐन लग्नसराईत अमरावतीच्या दुकानदारांनी हात वर केले. म्हणून वकीलसाहेब बडनेऱ्याला गाडीत बसून माझ्याकडे अकोल्याला आले.

त्यांनी भाव विचारला. मी सांगितला. ते दचकले. मी चहा मागवला. चहा संपेपर्यंत मी बराच खाली आलो आणि मग म्हणालो, “अजून उतरतो, पण माझा एक फोटो तुमच्या भिंतीवर लागला पाहिजे.”

“तुमचा म्हणजे, तुम्ही काढलेला?”

“मंग काय माझ्या शेजाऱ्यानं काढलेला?”

वकीलसाहेब हसले. “विषयाला धरून असला तर लावू की.”

मी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. जन्मभर मी लोकांचे चेहरे त्यांच्या घरांच्या भिंतींवर लावून दिले होते. पण ही मंडळी स्वतःला छायाचित्रकार म्हणवत आणि मला म्हणत फोटोवाला. ते सुट्टीच्या दिवशी जे करत ते मी रोज पोटासाठी करत होतो, एवढाच फरक. तो मला फार झोंबत असे. खरं सांगायचं तर अजूनही झोंबतो.

विषय माझ्या डोक्यात तयार होता. माझी सासुरवाडी दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात. त्या पट्ट्यातली जमीन काळीभोर, कपाशी झकास, पण विहिरींचं पाणी खारं. विहीर भरलेली असते आणि घोट तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी बाया शेजारच्या गावच्या शिवारातून डोक्यावर वाहून आणत. निसर्ग म्हणा, समाज म्हणा, दोन्ही एकाच घागरीत. मनात चित्र पक्कं होतं. सकाळचं तिरपं ऊन, थकलेल्या बायांची रांग, विटलेली लुगडी आणि मागे ती निरुपयोगी विहीर. बायकोकरवी मी निरोप धाडला की अमक्या दिवशी पाण्याला जाणाऱ्या बायांचा फोटो काढायला येतो.

निरोप धाडला हीच चूक झाली. बायकोला घेऊन मी सकाळी विहिरीवर पोचलो, तर समोर लग्नघर. बायांनी पेटीतली ठेवणीतली लुगडी काढलेली, नाकात नथी, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं. घागरी चिंचेने घासून अशा लखलखीत केलेल्या की त्यात तोंड दिसावं. एकीने तर नवऱ्याच्या नव्या चपला घातल्या होत्या.

“हे काय?” मी ओरडलो. “पाण्याला चालल्या का वरातीला?”

धाकटी मेहुणी पुढे आली. ती कुणाला भीत नसे. “भाऊजी, फोटो काय रोज रोज निघते काय?”

“अवं, पन मले तुमचे हाल दाखवाचे आहेत!”

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या माझ्याशी एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या. जावयासमोर सासूने पदर हनुवटीपर्यंत ओढून उभं राहायचं, अशी त्यांच्या पिढीची रीत. जे बोलायचं ते त्या माझ्या बायकोला बोलत, आणि ती जवळ नसली तर गोठ्यातल्या गाईला. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, अर्थात. आताही पदराआडून आवाज आला.

“सांग वं त्यायले. हाल आमचे, लुगडंही आमचंच. पानी आनाचं दुखनं मानेले असते, लुगड्याले नसते. अमरावतीच्या लोकायले आमी काय भिकारनी दिसाव?”

मी चडफडत स्टँड उभा केला, कॅमेरा चढवला, रांग लावली आणि वाकून काचेत पाहिलं. नुसत्या घागरी आणि पदर! मी एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. मेहुण्या सोडल्या तर एकीचाही चेहरा दिसत नव्हता. मी विनवलं, दटावलं, फोटोत जावई नसतो हेही समजावून सांगितलं. पदर इंचभरसुद्धा वर गेले नाहीत.

शेवटी बायको म्हणाली, “तुमी तिकडं तोंड करून उभे राहा. मी दाबते.”

“तुले येते काय?”

“इतके वर्सं दुकानात काय पाहून राह्यले मंग मी?”

मी सगळं जुळवून दिलं. उजेड मोजला, अंतर लावलं, काय दाबायचं ते दाखवलं आणि बजावलं, “मी ‘दाब’ म्हनल्याशिवाय हात लावू नको.” मग विहिरीजवळच्या बाभळीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा राहिलो. राग नाकावर होता. पाठीमागे कुजबुज चालली होती. तेवढ्यात मेहुणीचा आवाज आला.

“भाऊजी, शाळेत अशेच उभे राहत होते काय?”

लगेच दुसरी कुणीतरी म्हणाली, “मास्तरनं कोपऱ्यात उभं केलं वं पोरगं!”

आणि सगळ्या बाया फुटल्या. त्या हसण्यात एक हसू मी कधीच ऐकलं नव्हतं, खोल, घोगरं, पोटातून आलेलं. ते सासूबाईंचं होतं. मी वळणार तोच कॅमेऱ्याचा खट्‌ आवाज झाला.

“अवं, मी अजून सांगतलं नाई!”

“झालं पन,” बायको म्हणाली.

मी आणखी फोटो काढवणार होतो. पण बायांना पाणी आणायचं होतं, ऊन चढलं होतं, आणि मुख्य म्हणजे ठेवणीतली लुगडी मळत होती. निघताना सासूबाईंनी शेवटची अट घातली. “सांग त्यायले, आमी साऱ्या जनी अमरावतीले पाहाले येऊ. भिताडावर फोटो असन नं? का नुसतंच हसं?”

“असन,” मी बाभळीकडे पाहूनच म्हणालो. “माझा शब्द आहे.”

जावयाचा शब्द. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या दोन गावांत पोचला होता. आता फोटो लागला नसता तर मला त्या गावात तोंड दाखवता आलं नसतं, आणि सासूबाईंना ते गाव सोडूनही जाता आलं नसतं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटायला लागलं, तेव्हा मी आधी हरखलो आणि मग शिवी घातली. रांगेच्या पुढे सासूबाई, पदर खांद्यावर, डोक्यावर घागर, नथ हललेली, पुढचा पडका दात दाखवत मनमोकळं हसताहेत. मागच्या बाया एकमेकींवर रेललेल्या. पाठीमागे विहिरीचं पाणी चमचम करतंय. आणि डाव्या कडेला काळा कोट, टोपी, मागे बांधलेले हात, असा एक माणूस बाभळीकडे तोंड करून उभा. मी ती कड कापायला गेलो, तर सासूबाईंची घागर कापली जात होती. राहू दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे मोठे फोटो पुठ्ठ्यांवर चिकटवून, दोन भले मोठे गठ्ठे बांधून मी अमरावतीला गेलो. बायको बरोबर होती, कारण दुसऱ्या दिवशी तिचं माहेर येणार होतं. शहरात मजा चालली होती. टांग्यावर भोंगा लावून पोरं गावभर ओरडत होती. शाळेच्या ज्या सभागृहात प्रदर्शन होतं तिथे दोऱ्या, खिळे, शिड्या आणि एकमेकांना सूचना करणारी मंडळी. पहिल्या गठ्ठ्यातले फोटो भिंतीवर चढत होते, कुठे मेळघाटातला साग, कुठे चिखलदऱ्याचं धुकं, कुठे कापूस वेचणाऱ्या बाया, कुठे हमालांचे तळहात. फोटो चांगले होते. मोठे मीच केले होते, म्हणून आणखी चांगले दिसत होते.

वकीलसाहेबांनी माझा फोटो हातात घेतला, पाहिला आणि घसा साफ केला.

“छानच आहे हो. पण एक अडचण आहे. हे प्रदर्शन फक्त हौशी छायाचित्रकारांचं. धंदेवाईकांना प्रवेश नाही. पत्रकात छापलंय, वाचलं नाही का?”

“तुमी शब्द देल्ला होता!”

“विषयाला धरून असला तर, असं म्हणालो होतो. नियमाला धरून असावा हे ओघानंच आलं.”

वकिलाशी सौदा करताना बोलणं कुठे संपतं हे पाहून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. माझं डोकं फिरलं. दुसरा गठ्ठा अजून सुटला नव्हता. मी सरळ त्याच्यावर बसलो.

“अहो उठा! फोटो खराब होतील.”

“होऊ द्या.”

“माझं हरीण आहे हो त्याच्यात!” डॉक्टर शिडीवरून ओरडले.

“दबू द्या हरीण!”

गर्दी जमली. कुणी समजूत घालत होतं, कुणी पोलिसांचं नाव काढत होतं. मी हललो नाही. हलून जाणार कुठे? उद्या सकाळी एस.टी.तून अख्खं सासर उतरणार होतं. तेवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत आत आली आणि वकीलसाहेबांना म्हणाली,

“पन तो फोटो यायनं काढलाच नाई. मी काढला.”

सगळे तिच्याकडे वळले. मीही. हे मला सुचलं नव्हतं. सौद्याचा माणूस मी, आणि हे मला सुचू नये!

“तुम्ही?” वकीलसाहेब म्हणाले. “तुमचा काय व्यवसाय?”

“घरी सैपाक करते. तुमच्या नियमात बसते काय?”

परीक्षक म्हणून पुण्याहून एक वयस्क गृहस्थ आले होते. ते पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाशी धरला.

“बाई, कॅमेऱ्यात सगळं जुळवलं कुणी?”

“यायनं. पन कवा दाबाचं ते मीच ठरवलं. हे त नको म्हनत होते.”

“मग फोटो तुमचाच,” ते म्हणाले. “पण विहीर भरलेली दिसते. मग या बायका पाण्याला कुठं चालल्यात?”

“ते खारं आहे. फकस्त पाहाले. प्याचं पानी दुसऱ्या गावाहून आनाव लागते.”

परीक्षकांनी मान हलवली. मग त्यांचं बोट डाव्या कडेला गेलं. “आणि हा माणूस? पाठ करून का उभा?” मी तोंड उघडलं, तोच ते एकदम उजळले. “समजलं! बायका गावाचं ओझं वाहतायत आणि पुरुष पाठ फिरवून उभा आहे. वा! अख्खा समाज एका पाठीत आणलाय. याला मुद्दाम उभा केला होता का?”

“हो,” बायको म्हणाली. “मुद्दामच.”

खालून तिने माझ्या पायावर पाय दिला. द्यायची गरज नव्हती. गिऱ्हाईक स्वतःहून मालाची तारीफ करत असताना दुकानदाराने तोंड उघडायचं नसतं. पण ते गप्प बसणं मला जितकं महाग पडलं तितकं दुसरं काहीच पडलं नसेल.

मी गठ्ठ्यावरून उठलो आणि लगेच जागेसाठी घासाघीस सुरू केली. वकीलसाहेब जिन्याखालची जागा देत होते, मला दाराच्या समोरची पाहिजे होती. शेवटी डॉक्टरांच्या हरणाशेजारी सौदा पटला. हरीण थोडं दबलं होतं, पण बातमी द्यावी इतकं नाही. फोटोखाली चिठ्ठी लागली, ‘छायाचित्रकार : एक गृहिणी.’ माझा उल्लेख दारावरच्या आभाराच्या पाटीत होता, मांडववाल्याच्या खाली. ‘अकोल्याचे फोटोवाले.’

दुसऱ्या दिवशी सासुरवाडी आली ती तशीच्या तशी, फोटोतल्याच लुगड्यांत. ओळखू यायला पाहिजे ना! हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कॉलेजची पोरं-पोरी, शाळांच्या रांगा, शेंगावाला दाराशी, भोंग्यावर कुणाचं तरी भाषण. बाया रेटत रेटत आत शिरल्या. आणि माझ्यावर नजर पडताच सासूबाईंचा पदर हनुवटीपर्यंत खाली.

मेहुणी माझ्याजवळ आली. “भाऊजी, तुमी जरा भाईर जा.”

“मी? या भिताडासाठी मी भांडलो!”

“मंग मायनं काय पदरातून पाहाव?”

गेलो बाहेर. पायऱ्यांवर शेंगावाल्याशेजारी बसलो आणि कान आत लावले. आत परीक्षक पोरांच्या घोळक्याला तोच फोटो समजावत होते. “हा पाठमोरा पुरुष पाहा. हा कोण? हा आपला समाज आहे.”

“आवो साहेब, कशाचा समाज!” मेहुणीचा आवाज खणखणीत. “तो आमचा जवाई होय!”

“मास्तरनं उभं केलेलं पोरगं!” दुसरी म्हणाली, आणि मग तिथे काय झालं ते शेजारच्या रस्त्यावरही ऐकू गेलं असेल. बाया हसल्या, पोरं हसली, शेंगावालाही काही न समजता हसला. परीक्षक थोड्या वेळाने बाहेर आले ते चष्मा पुसतच. मला वाटलं, आता फोटो उतरवतात. मी भांडायच्या तयारीत उभा राहिलो.

“तर तो समाज तुम्हीच!” ते म्हणाले, आणि पायरीवर माझ्याजवळ बसून पुन्हा हसायला लागले. “राहू द्या तसाच. आता तर मला जास्तच आवडला.” मग शेंगा घेतल्या. त्यांनी पहिल्याच भावाला घेतल्या. ते मला पाहवलं नाही, म्हणून आणखी थोड्या मी भाव पाडून घेऊन दिल्या.

बक्षीस डॉक्टरांच्या हरणाला मिळालं. दबलेल्या हरणाला! पण प्रदर्शन संपेपर्यंत सगळ्यात जास्त गर्दी आमच्याच भिंतीजवळ होती, हे वकीलसाहेबांनाही नाकारता आलं नाही.

बाया बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, हसून. सगळ्यांना फोटो पाहिजे होता, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं होतं.

“भाऊजी, आमाले द्यान त तो मानूस कापून द्या. आमच्या घरच्या भिताडावर आमच्यात तो कायले?”

कापून देतो म्हणालो. तेव्हा मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचा पदर हलला.

“सांग वं त्यायले,” त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “माह्या फोटोत राहू द्या. समोरून पाहाले रीत आडवी येते. पाठ पाहाले कोन मनाई करते?”

अकोल्याला परत आल्यावर बाकीच्यांचे फोटो मी हातासरशी कापून मोकळा झालो. सासूबाईंचा सगळ्यात मोठा केला. काळा कोट बाभळीच्या सावलीत बुडत होता, म्हणून कागदावर उजेड पाडताना तेवढा भाग काळवंडू नये अशी हाताची सावली धरून धरून, तीन कागद वाया घालवून, मी माझी पाठ नीट उठवून घेतली. टोपीची घडीसुद्धा दिसायला लागली. मग तो उलटा करून मागे दुकानाचा शिक्का मारणार, तर बायकोने हात धरला.

“फोटो कोनाचा?” ती म्हणाली.

बराच वेळ घासाघीस झाली. शिक्का लागला नाही.